विज्ञान-पाठ : लोखंडाचे अतिसंवाहक आणि चुंबकत्वाचे कोडे

विद्यार्थी मित्रहो, सन्माननीय पालक आणि विश्वस्त मंडळी,



वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात एक विज्ञान-पाठ देण्याचा आपला परिपाठ आहे. या वेळचा विषय जरा अवघड निवडला आहे. नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनी तो संपूर्ण वाचावा. सातवी-आठवीच्या मुलांनी घरच्या मोठ्यांबरोबर बसून वाचावा आणि जे समजणार नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. पाठाच्या शेवटी स्वाध्याय दिला आहे.

आजचे कोडे एका वाक्यात असे आहे. चुंबकत्व हा अतिसंवाहकतेचा वैरी, असे भौतिकशास्त्रात पन्नास वर्षे मानले जात होते. मग चुंबकत्वाचे माहेरघर असलेल्या लोखंडाच्याच संयुगांत अतिसंवाहकता सापडली कशी?

आधी शब्दाविषयी. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या पुस्तकात या गुणधर्माला 'अतिचालकता' म्हणत. तुमच्या शिकवणीत 'सुपरकंडक्टिव्हिटी' हा शब्द कानी पडतो. मराठीत 'अतिसंवाहकता' किंवा 'अतिवाहकता' म्हणतात. शब्द चार असले तरी वस्तू एकच आहे. या पाठात आपण 'अतिसंवाहकता' हा शब्द वापरू.

१. अतिसंवाहकता म्हणजे काय?

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन वाटेत धक्के खातात. त्यामुळे तार तापते आणि थोडी ऊर्जा वाया जाते. यालाच आपण रोध म्हणतो. तार थंड केली तर रोध कमी होतो, पण तांब्यात तो कधीच पूर्ण नाहीसा होत नाही.

नेदरलँड्समधील लायडन येथे हेइके कॅमरलिंग ओन्नेस यांनी १९०८ मध्ये हेलियम वायूचे द्रव केले. त्या द्रवाच्या थंडाव्यात त्यांनी १९११ मध्ये पाऱ्याचा रोध मोजला. सुमारे ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, रोध एकाएकी शून्य झाला. ज्या तापमानाला असे घडते त्याला त्या पदार्थाचे 'क्रांतिक तापमान' म्हणतात. या पाठात तापमाने केल्विनमध्ये दिली आहेत. केल्विनमधून २७३ वजा केले की सेल्सिअस मिळते.

अतिसंवाहकाची दुसरी खूण १९३३ मध्ये जर्मनीत वाल्थर माइसनर आणि रॉबर्ट ओक्सेनफेल्ड यांना सापडली. अतिसंवाहक होताना पदार्थ आपल्या आतले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलून देतो. लहान चुंबक त्याच्यावर अधांतरी तरंगतो तो याच कारणाने. शून्य रोध आणि क्षेत्राला बाहेर ढकलणे या दोन्ही खुणा दिसल्या तरच पदार्थाला अतिसंवाहक म्हणावे. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२. इलेक्ट्रॉनांची जोडी

दोन इलेक्ट्रॉन दोघेही ऋणभारित असतात, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तरीही अतिसंवाहकात त्यांच्या जोड्या जमतात. हे कसे होते, ते १९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या तिघांनी सांगितले. त्याबद्दल १९७२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

कापसाच्या गादीवर एक जण बसला की खळगा पडतो आणि शेजारचाही त्या खळग्याकडे घसरतो. दोघांमध्ये प्रेम असो वा नसो, गादीच त्यांना जवळ आणते. धातूतही असेच होते. एक इलेक्ट्रॉन जाताना धन आयनांना किंचित आपल्याकडे ओढतो, तेथे क्षणभर धनभार दाटतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे खेचला जातो. अशा सगळ्या जोड्या मिळून एकाच लयीत चालतात. मग एखाद्या जोडीला धक्का देऊन अडवणे सोपे राहत नाही आणि रोध नाहीसा होतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक इवलासा चुंबक असतो. या गुणाला 'स्पिन' म्हणतात. आपण सोयीसाठी तो एक बाण समजू. जोडीतल्या दोघांचे बाण उलट असतात, एकाचा वर आणि दुसऱ्याचा खाली.

३. वैर कशामुळे?

अशा जोडीजवळ एखादा चुंबकीय अणू आला तर काय होईल? तो दोन्ही बाणांना सारखे वागवत नाही. जोडीतल्या एकाला जे सोयीचे, ते दुसऱ्याला गैरसोयीचे ठरते आणि जोडी तुटते.

अमेरिकेत बर्न्ड मॅथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये याचा सुरेख पुरावा दिला. लँथॅनम या अतिसंवाहक धातूत त्यांनी गॅडोलिनियम हा चुंबकीय धातू मिसळला. शंभर अणूंमागे जेमतेम एक अणू मिसळताच अतिसंवाहकता जवळजवळ मावळली. अचुंबकीय भेसळ असती तर एवढ्याने फारसे बिघडले नसते.

याहून स्पष्ट उदाहरण १९७७ मध्ये मिळाले. एर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांचे एक संयुग ८.७ केल्विनला अतिसंवाहक होते. पण आणखी थंड करत ०.९ केल्विनच्या आसपास नेले की एर्बियमचे सगळे बाण एका दिशेला वळतात आणि संयुग लोहचुंबकासारखे वागू लागते. त्याच क्षणी अतिसंवाहकता जाते आणि रोध परत येतो. थंडी वाढली, तरी गुण गेला!

यावरून एक व्यवहारी नियम रूढ झाला. नवा अतिसंवाहक शोधायचा तर चुंबकीय मूलद्रव्यांपासून लांब राहावे. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल ही तर चुंबकत्वाची प्रसिद्ध त्रयी, तेव्हा त्यांच्या वाटेला सहसा कोणी जाईना.

या नियमाला एक तडा आपल्याच देशात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेला. तेथील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांत सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता असल्याचे जाहीर केले. त्यात निकेल भरपूर आहे! याच कुळातले एर्बियमचे संयुग सुमारे ११ केल्विनला अतिसंवाहक होते आणि ६ केल्विनखाली त्यात चुंबकीय रचनाही येते. तरीही अतिसंवाहकता मरत नाही. कारण येथे बाण आलटून पालटून उलट असतात, त्यांची बेरीज शून्याच्या जवळ येते आणि जोडीला त्यांचा जाच फारसा होत नाही. दोन वैरी एका घरात नांदू शकतात, एवढे तर यातून कळले. पण ते केवळ नांदत होते, एकमेकांना मदत करीत नव्हते.

४. जपानमधला शोध

टोकियो येथील हिदेओ होसोनो हे मुळात अतिसंवाहकतेवर काम करणारे नव्हते. पारदर्शक असूनही वीज वाहून नेणारे पदार्थ शोधणे हा त्यांच्या गटाचा विषय होता. तशा थरांच्या संयुगांत वेगवेगळे धातू घालून पाहत असताना २००६ मध्ये त्यांना लोखंड आणि फॉस्फरसच्या एका संयुगात सुमारे ४ केल्विनला अतिसंवाहकता दिसली. तापमान फारच कमी असल्याने जगाने फारसे लक्ष दिले नाही.

त्यांनी मग फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक घातले. आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला सोमल. या संयुगात लोखंड-आर्सेनिकचा एक थर, त्यावर लँथॅनम-ऑक्सिजनचा एक थर, अशी उतरंड असते. त्यातल्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन घातले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. क्रांतिक तापमान होते २६ केल्विन.

जगभर एकच धावपळ उडाली. चीनमधील हेफेई आणि बीजिंग येथील गटांनी लँथॅनमऐवजी समेरियम घातले आणि काही आठवड्यांत आकडा ४३ व पुढे ५५ केल्विनवर गेला. तुलना करून पाहा. १९११ मध्ये पाऱ्यापासून सुरू झालेला प्रवास १९७३ पर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षांत, २३ केल्विनपर्यंतच पोहोचला होता. १९८६ नंतर तांबे-ऑक्सिजनच्या संयुगांनी तो विक्रम मोडून ९० केल्विनच्या पुढे मजल मारली. त्यांच्यानंतर सामान्य दाबाखाली ५० केल्विन ओलांडणारे दुसरे मोठे कुळ लोखंडाचेच ठरले.

त्याच वर्षी जर्मनीतील म्युनिक येथे बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक यांच्या संयुगात पोटॅशियम घालून ३८ केल्विन गाठले गेले. तैवानमध्ये लोखंड आणि सेलेनियम या दोनच मूलद्रव्यांच्या संयुगात ८ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. म्हणजे हा एखाद्याच संयुगाचा योगायोग नव्हता.

५. मूळ पदार्थात काय दडले होते?

आता कोड्याच्या गाभ्याकडे वळू. फ्लोरिन किंवा पोटॅशियम न घातलेला मूळ पदार्थ अतिसंवाहक नसतो. मग तो थंड केल्यावर काय करतो?

हे पाहण्यासाठी न्यूट्रॉन वापरतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, पण तोही एक छोटा चुंबक असतो. पदार्थावर न्यूट्रॉनांचा झोत सोडला तर ते आतल्या बाणांवरून विखुरतात आणि बाण कसे मांडले आहेत ते सांगतात. २००८ मध्येच अमेरिकेतील प्रयोगांतून दिसले की लँथॅनमच्या मूळ संयुगात सुमारे १३७ केल्विनखाली लोखंडाचे बाण शिस्तीत उभे राहतात. बेरियमच्या संयुगात हेच सुमारे १४० केल्विनला घडते.

ही शिस्त कशी असते? प्रार्थनेच्या मैदानाची कल्पना करा. पहिल्या रांगेतील सर्व मुलांचे तोंड उजवीकडे आहे, दुसऱ्या रांगेतील सर्वांचे डावीकडे, तिसऱ्या रांगेचे पुन्हा उजवीकडे. उजवीकडे पाहणारे जितके तितकेच डावीकडे पाहणारे, म्हणून एकूण बेरीज शून्य. अशा पदार्थाला खिळा चिकटणार नाही, पण आत शिस्त पूर्ण आहे. याला 'प्रतिलोहचुंबकत्व' म्हणतात. बाणांबरोबर अणूंची जाळीही बदलते. चौरसाचा किंचित आयत होतो. फरक एक टक्क्याहूनही कमी असतो, पण मोजता येतो.

आणखी एक आकडा पाहा. शुद्ध लोखंडात प्रत्येक अणूचे चुंबकत्व सुमारे २.२ बोर मॅग्नेटॉन असते. हे या मोजणीचे एकक आहे. बेरियमच्या संयुगात शिस्तीत उभ्या असलेल्या बाणाची लांबी त्या एककात ०.९ च्या आसपास भरते. म्हणजे बाण आहेत, पण आखूड आहेत आणि त्यांची शिस्त मोडणे फार अवघड नाही.

६. शिस्त मोडली की जोडी जमते

बेरियमच्या संयुगात शंभर लोखंडी अणूंमागे काही अणू काढून तेथे कोबाल्ट बसवा. कोबाल्टकडे लोखंडापेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. कोबाल्टचे प्रमाण वाढेल तसतशी बाणांची शिस्त कमी कमी तापमानापर्यंत टिकते. सहा-सात टक्क्यांच्या आसपास ती संपते. नेमकी तेथेच अतिसंवाहकता सर्वांत बळकट होते आणि क्रांतिक तापमान २० केल्विनच्या वर जाते. कोबाल्ट आणखी वाढवला तर तीही उतरणीला लागते.

आलेख काढून पाहा. आडव्या अक्षावर कोबाल्टचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर तापमान घ्या. चुंबकीय शिस्तीची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते आणि तिच्या पायथ्याशी अतिसंवाहकतेचा घुमट उभा राहतो.

आता लँथॅनमचा प्रयोग आठवा. तेथे एक टक्का चुंबकीय धातूने अतिसंवाहकता मारली होती. येथे स्वतः चुंबकीय असलेला कोबाल्ट थेट लोखंडाच्या थरात घालून अतिसंवाहकता जन्माला येते. शिवाय कोबाल्टच हवा असे नाही. आर्सेनिकच्या काही अणूंच्या जागी फॉस्फरस घातला, तर इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत नाही, तरीही हाच घुमट मिळतो. नुसता दाब दिला तरी मिळतो. वाटा तीन, पण परिणाम एक. चुंबकीय शिस्त ढिली पडली की अतिसंवाहकता येते.

मग चुंबकत्व वैरीच ठरले की नाही? त्याची शिस्त गेली तेव्हाच तर जोडी जमली! येथेच बारकाईने विचार करावा लागतो. शिस्त गेली म्हणजे बाण गेले असे नाही. बाण तेथेच आहेत, फक्त ते एका जागी स्थिर राहत नाहीत. क्षणात या बाजूला, क्षणात त्या बाजूला, अशी त्यांची चलबिचल चालू असते. रांगा मोडल्या तरी मुले मैदानातच आहेत आणि शेजाऱ्याच्या उलट तोंड करण्याची त्यांची खोडही गेलेली नाही.

या चलबिचलीतच उत्तर असावे असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. गादीच्या उदाहरणात जे काम अणूंच्या खळग्याने केले, तेच येथे बाणांची चलबिचल करते. एक इलेक्ट्रॉन जाताना आसपासच्या बाणांत लाट उठवतो आणि उलट बाणाचा दुसरा इलेक्ट्रॉन त्या लाटेशी जुळवून घेतो. गादीचा खळगा येथे का पुरत नाही? कारण २००८ मध्येच केलेल्या गणितांतून दिसले की अणूंच्या कंपनातून येणारे आकर्षण या संयुगांत फार दुबळे आहे. त्यातून २६ केल्विन निघत नाहीत.

७. एक वर, एक खाली

एक अडचण उरते. बाणांच्या चलबिचलीतून येणारा परिणाम साध्या आकर्षणाचा नसतो, तो दूर लोटण्याचा असतो. मग जोडी कशी टिकते?

विहिरीवर एकाच कप्पीला दोन बादल्या बांधल्या तर एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. दोघी एकाच उंचीवर राहायचे म्हणतील तर दोर अडकेल. उलट चालल्या तर काम सुरळीत होते. लोखंडाच्या संयुगांत इलेक्ट्रॉनांचे मुख्यतः दोन गट असतात. बाणांच्या रांगांचा जो नमुना आपण पाहिला, त्याच मापाच्या उडीने इलेक्ट्रॉन एका गटातून दुसऱ्या गटात जातो. जोडीचे वर्णन करणाऱ्या लहरीचे चिन्ह एका गटात अधिक आणि दुसऱ्या गटात उणे असेल, तर दूर लोटणारा परिणामच जोडी बांधून ठेवतो. ही कल्पना २००८ मध्ये अमेरिकेत आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे मांडली गेली.

हिला पुरावा काय? अशी अधिक-उणे रचना खरी असेल, तर अतिसंवाहकता सुरू होताच बाणांच्या चलबिचलीत एका ठरावीक ऊर्जेला नवी खूण उमटली पाहिजे. पोटॅशियम घातलेल्या बेरियमच्या संयुगात न्यूट्रॉनांनी २००८ मध्येच ती पाहिली. ऊर्जा होती सुमारे १४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. अतिसंवाहकता गेली की ती खूणही जाते. म्हणजे बाण आणि जोड्या एकमेकांची दखल घेत आहेत.

८. एकाच ताटात दोघे

कोबाल्ट थोडा कमी, म्हणजे ४.७ टक्के, घातला तर आणखी मौज दिसते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बाणांची शिस्त सुमारे ४७ केल्विनला येते आणि १७ केल्विनला अतिसंवाहकताही येते. दोघेही एकाच स्फटिकात आहेत. पण १७ केल्विनखाली गेल्यावर शिस्तीची ताकद वाढायची थांबते आणि उलट कमी होऊ लागते. जाळीचा जो आयत झाला होता, तोही पुन्हा चौरसाकडे झुकतो.

याचा अर्थ असा की बाणांच्या शिस्तीला लागणारे इलेक्ट्रॉन आणि जोड्यांना लागणारे इलेक्ट्रॉन हे तेच आहेत. ताट एकच आहे. एकाने जास्त वाढून घेतले की दुसऱ्याला कमी पडते. म्हणून आजच्या पाठाचे सार आम्ही असे सांगू : स्थिर झालेले चुंबकत्व अतिसंवाहकतेशी स्पर्धा करते आणि अस्थिर चुंबकत्व तिला आधार देते. वैरी आणि सोयरा एकच आहे, त्याची अवस्था निराळी.

येथे एक सावधगिरी हवी. हे चित्र सगळीकडे सारखे लागू पडत नाही. लोखंड-सेलेनियमच्या संयुगात ९० केल्विनला जाळीचा चौरस मोडतो, पण सामान्य दाबाखाली बाणांची शिस्त येतच नाही. दाब दिला तर शिस्त येते आणि क्रांतिक तापमानही ८ वरून ३७ केल्विनपर्यंत चढते! शिस्त कमी होईल तशी अतिसंवाहकता वाढेल, हा साधा हिशेब येथे चालत नाही. त्यामुळे जाळीचा बदल, इलेक्ट्रॉनांची मांडणी आणि बाणांची चलबिचल यांतला मूळ कारभारी कोण, यावर आजही संशोधन चालू आहे. परीक्षेत प्रश्नाचे एकच उत्तर असते. प्रयोगशाळेत तसे नसते.

९. याचा आपल्याला उपयोग काय?

हा प्रश्न पालक आणि विश्वस्त नक्की विचारतील आणि तो विचारायलाच हवा.

रुग्णालयातील एमआरआय यंत्राच्या आत अतिसंवाहक तारेचे वेटोळे असते. ही तार बहुतेक ठिकाणी नायोबियम-टायटॅनियमची असते आणि तिला ४ केल्विनच्या आसपास ठेवावे लागते. त्यासाठी परंपरागत यंत्रात हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियम लागतो. भारताला लागणारा हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून येतो. तपासणीचे बिल पाहून आपण डोक्याला हात लावतो, त्यात या थंडाव्याचाही वाटा असतो.

लोखंडाचे अतिसंवाहक अधिक तापमानाला आणि ५० टेस्लाहूनही तीव्र चुंबकीय क्षेत्रात टिकतात. नायोबियम-टायटॅनियमची तार ४ केल्विनला १० टेस्लाच्या आसपास हात टेकते. लोखंडी संयुगाची भुकटी चांदीच्या नळीत भरून तार ओढता येते. चीनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये अशी शंभर मीटरहून लांब तार तयार केली. रुग्णालयातली यंत्रे अजून यावर चालत नाहीत, परंतु मोठ्या चुंबकांसाठी हा उमेदवार गंभीरपणे तपासला जात आहे.

आपल्या इंदूर शहरातही या क्षेत्रातले काम चालते. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात कणांना वेग देणाऱ्या यंत्रांसाठी नायोबियमच्या अतिसंवाहक पोकळ्यांवर काम होते. विद्यापीठाच्या खंडवा रोडवरील परिसरात यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघ आहे. तेथे अतिशीत तापमानाला पदार्थांच्या चुंबकत्वाचा अभ्यास होतो. मोठे विज्ञान फक्त परदेशात होते, असे समजून आपल्या मुलांनी अकरावीला विषय निवडू नये.

१०. मोबाईलवरची बातमी कशी पारखावी?

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून एक बातमी आली. 'एलके-९९' नावाचा पदार्थ साध्या खोलीच्या तापमानालाच अतिसंवाहक आहे, असा दावा होता. चुंबकावर अर्धवट उचललेल्या खड्याची चित्रफीत घरोघरी मोबाईलवर फिरली. आता वर पाठ करायला सांगितलेले वाक्य आठवा. शून्य रोध दिसला का? क्षेत्र बाहेर ढकलले गेले का?

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगातील अनेक प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. काही आठवड्यांत उलगडा झाला. रोधातली अचानक घट त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे होती आणि खडा उचलला गेला तो साध्या लोहचुंबकासारख्या गुणामुळे. जे चुंबकत्व लोखंडाच्या संयुगांत खरा आधार ठरले, त्याच चुंबकत्वाने येथे अतिसंवाहकतेचे सोंग घेतले. होसोनो यांचा २००८ चा निकाल मात्र चीन, जर्मनी, अमेरिका, भारत, जेथे जेथे तपासला तेथे तेथे खरा उतरला. दोन बातम्यांतला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

मुलांना आमचे सांगणे असे. 'चुंबकापासून लांब राहा' हा नियम खोटा नव्हता. तो प्रयोगांतून आला होता आणि त्या प्रयोगांपुरता आजही खरा आहे. चूक झाली ती तो सर्वत्र लागू आहे असे धरून चालण्यात. शिक्षकांनी किंवा पुस्तकाने सांगितलेला नियम नीट शिका, आणि तो कोणत्या प्रयोगावरून आला हेही विचारा. वर्गात असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपल्या शाळेत कोणीही गप्प बसवणार नाही, ही आमची जबाबदारी.

स्वाध्याय

(१) ४.२, २६, ५५ आणि १३७ केल्विन ही तापमाने सेल्सिअसमध्ये लिहा.

(२) दोन पट्टीचुंबक शेजारी शेजारी ठेवा. उत्तर ध्रुव एकाच बाजूला ठेवल्यास काय होते? एक चुंबक उलटा केल्यास काय होते? पाठातील रांगांशी तुलना करा. मात्र लक्षात ठेवा, अणूंच्या बाणांना उलट करणारे मुख्य बळ या साध्या ओढीचे नसून इलेक्ट्रॉनांच्या परस्पर नियमांतून येते.

(३) केवळ शिक्षकांसमोर करायचा प्रयोग : लोखंडी खिळा बर्नरवर लालभडक होईपर्यंत तापवा आणि चुंबकाकडे ओढला जातो का ते पाहा. नंतर तो गार होऊ द्या आणि पुन्हा पाहा. लोखंडाचे लोहचुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसच्या वर नाहीसे होते. येथे बाण नाहीसे झाले की त्यांची शिस्त?

(४) कोबाल्टचे प्रमाण आणि तापमान यांचा कच्चा आलेख काढून चुंबकीय शिस्तीचा भाग व अतिसंवाहकतेचा घुमट वेगळ्या रंगांनी दाखवा. दोन्ही एकत्र असणारा भाग कोठे येईल?

(५) घरच्यांसाठी : मोबाईलवर आलेली विज्ञानाची एखादी बातमी घ्या. दावा काय आहे, पुरावा काय आहे आणि दुसऱ्या कोणी तो तपासला का, हे तीन प्रश्न लिहून मुलांबरोबर त्यांची उत्तरे शोधा.

उत्तरे वहीच्या वेगळ्या पानावर लिहून विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला दुसरा व तिसरा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांसमोर करण्याचा आमचा मानस आहे. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी त्या दिवशी अवश्य यावे आणि मुलांना प्रश्न विचारावेत.

आपले,
मुख्याध्यापक